मदत हवी आहे: ड्रायरचा आकडा १७० वर स्थिर, पण दुपारनंतर जर्सी जास्त तापतात

नमस्कार मंडळी. उदगीरला आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांच्या जर्सी, शाळांचे टी-शर्ट, १४ एप्रिलच्या आधी मिरवणुकीचा माल, असं काम चालतं. कन्व्हेयर ड्रायर (फिरत्या बेल्टवरून कपडा आत नेऊन शाई पक्की करणारी भट्टी) थ्री फेजवर आहे. वर इन्फ्रारेड हीटर, एक के टाइप सेन्सर (थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर), पीआयडी कंट्रोलर (ठरवलेलं तापमान धरून ठेवणारा) आणि एसएसआर (त्याच्या हुकमानं हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच).

अडचण अशी. पॉलिस्टर जर्सीवर आम्ही कमी तापमानाला पिकणारी पांढरी प्लास्टिसोल शाई वापरतो. ती कपड्यावर १४० अंशांच्या आसपास नीट बसते. कंट्रोलर १७० वर ठेवला की सकाळच्या मालावर लावलेली तापमानाची पट्टी १४० च्या जवळ रंग बदलते. धुऊन बघितलं, ओढून बघितलं, प्रिंट पक्की. पण दुपारी तीननंतर त्याच बेल्ट स्पीडला, त्याच १७० ला पट्टी १५५ च्याही पुढे जायलीय. लाल जर्सीवरचा पांढरा आकडा गुलाबी पडायलाय. आणि कंट्रोलर मात्र दिवसभर १७० च दाखवायलाय, एखाद अंश इकडं तिकडं.

कामाचा माल पोरांचा आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री गुलाबी नंबरची जर्सी हातात द्यायची, हे मला पटत नाही. पीआयडीच्या कोणत्या सेटिंगला हात घालावा? ऑटोट्यून (कंट्रोलरनं स्वतःच आपली सेटिंग जुळवून घेणं) करून बघू का?

प्रतिसाद, नांदेडहून

दादा, व्होल्टेज बघितलं का? आमच्याकडं शेतीपंप सुरू झाले की लाइन पडते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घटते. २३० चे २०० झाले तर उष्णता पाऊण भागच उरते.

प्रतिसाद, जालन्याहून

लाइन पडली तर माल कच्चा निघेल, जास्त तापणार नाही. आणि व्होल्टेज वाढलं तरी कंट्रोलर एसएसआर तेवढा कमी वेळ चालू ठेवतो. आकडा स्थिर आहे याचा अर्थ पीआयडी आपलं काम करायलाय, त्यामुळं आधी ऑटोट्यूनकडं जाऊ नका. शंका आकड्यावरच घ्या. कंट्रोलरला जे कळतं तेच तो धरून ठेवतो. त्याला चुकीचं कळत असेल तर तो चुकीचंच इमानदारीनं धरून ठेवणार.

उन्हाचा थोडा वाटा असेल. शेडमध्ये ४२ अंश असताना कपडा आधीच गरम होऊन बेल्टवर चढतो. पण त्यानं पंधरा अंश वाढणार नाहीत.

मला सांगा, सेन्सर कधी बदलला होता का? आणि सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत कोणती वायर आहे?

धागाकर्ता

हो, दिवाळीनंतर मिस्त्रीनं सेन्सर बदलला. जुनी वायर जळकी होती म्हणून ड्रायरच्या माथ्यावरच्या डबीत जोड देऊन पुढं नवीन वायर टाकली. वरून साधीच दिसते, लाल-काळी.

प्रतिसाद, जालन्याहून

मग तिथंच बघा. थर्मोकपल हा तापमान मोजत नाही, दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक मोजतो. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलचं तापमान त्यात मिळवून आकडा दाखवतो. मध्ये तांब्याची वायर आली की थंड टोक (सेन्सरच्या तारांचं हीटरपासून लांबचं टोक) कंट्रोलरपाशी न राहता त्या जोडापाशी येतं. जोड समजा ६० अंशांवर आणि कंट्रोलर ३५ वर असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा २५ नं कमी दिसतो. कंट्रोलरला वाटतं कमी पडतंय, आणि तो हीटर आणखी चालवतो. सकाळी ड्रायरचा माथा थंड, म्हणून फरक थोडा. दुपारपर्यंत पत्रा तापतो आणि जोड तापत जातो. तुमची वेळ तंतोतंत जुळायलीय.

खात्री सोपी आहे. दुपारी ड्रायर चालू असताना डबी न उघडता तिच्यावर टेबल फॅनचा झोत सोडा. जोड थंड झाला की ड्रायरच्या आत काहीही न बदलता आकडा वर चढू लागेल. चढला तर मेन बंद करून, सगळं गार झाल्यावर वायर थोडी खरवडा. दोन्ही तारा आतून तांबूस निघाल्या तर ती तांब्याचीच. के टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल (त्या सेन्सरला जुळणाऱ्या धातूंची वायर) सलग टाका, प्लस-मायनस उलटं होऊ देऊ नका. वाळूजला किंवा लातूरला इलेक्ट्रिकल दुकानात विचारा, ‘के टाइप केबल’ म्हटलं की कळतं.

एक गोष्ट लगे हात बघून घ्या. सेन्सर जे टाइप आणि कंट्रोलर के वर सेट असेल, तर आकडा १८० दिसताना आत १४०-१४५ च असतं. तुमचं लक्षण त्याच्या उलटं आहे, पण नवीन सेन्सर घेताना टाइप विचारून घ्या. जे टाइपची लोखंडी तार चुंबकाला घट्ट चिकटते.

धागाकर्ता

फॅन लावला. आकडा खरंच चढला! हीटर बंद-चालू व्हायची तऱ्हाही बदलली. वायर खरवडली, दोन्ही तांबूस. केबल उद्या लातूरहून आणतो. मनापासून आभार. आता ती टाकल्यावर परत १७० च ठेवू का?

प्रतिसाद, जालन्याहून

सुरुवात १७० नंच करा, पण तो आकडा जुन्या अर्थाचा राहणार नाही. आतापर्यंत १७० दिसताना आत त्याहून जास्त होतं, सकाळीसुद्धा. त्यामुळं माल थोडा कच्चा निघू शकतो. बेल्ट स्पीडला हात न लावता पाच-पाच अंशांनी वाढवा. प्रत्येक वेळी आकडा स्थिर झाल्यावर बेल्टच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागातून पट्टी लावलेला खराब टी-शर्ट सोडा. तीनही ठिकाणी १४० ला पोचलं की थांबा. ऑटोट्यून करायचंच तर तेव्हा करा, बेल्ट आणि एक्झॉस्ट दोन्ही चालू ठेवून.

आणि जर्सी बाहेर आल्या आल्या थप्पी लावू नका. गरम थप्पीत लाल रंग पांढऱ्यात चढतच राहतो, ड्रायर कितीही नीट असला तरी. दोरीवर किंवा टेबलावर मोकळ्या गार होऊ द्या, मग घडी घाला.