मदत हवी आहे: १९९४ चा डेक, दोन लाकडी बॉक्स आणि हातात ९,००० रुपये

जय गुरू मंडळी,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. सोयाबीनचे पैसे आले, त्यातले नऊ हजार गाण्याच्या नावाने बाजूला ठेवायला बायकोने मंजुरी दिली आहे. त्यावर एक रुपया चढणार नाही, तुरीची एक फवारणी अजून बाकी आहे.

घरात आहे ते असं. १९९४ मध्ये काकांनी नागपूरहून, सीताबर्डीतून आणलेला डेक: डबल कॅसेट, रेडिओ, मागे ऑक्सची (बाहेरून मोबाइल वगैरे जोडायची) लाल-पांढरी भोकं. सोबत दोन लाकडी बॉक्स, प्रत्येकात जाड आवाजाचा आठ इंची वूफर आणि वर बारीक आवाजाचा एक छोटा ट्विटर. मागच्या पट्टीवर ८ ओहम लिहिलेलं आहे. परवा जाळी काढली तर वूफरच्या कडेच्या फोमचा काळा चुरा मांडीवर पडला. बोट लावलं तिथे तो ओल्या गुळासारखा चिकटला. आवाज वाढवला की एक बॉक्स फडफडतो. डेक नुसता चालू केला तरी मागे 'हूंऽऽ' असा सूर लागलेला असतो, आणि आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते.

मुख्य ऐकणारे बाबा. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले तेव्हा बाबा आठ वर्षांचे होते. अजूनही पुण्यतिथीला मोझरी चुकवत नाहीत. गावातल्या मंडळाची खंजिरी भजनं काकांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी टेपवर भरून ठेवली होती, त्या तीस-पस्तीस कॅसेटी हाच आमचा खजिना. त्यात भजन म्हणणारे निम्मे लोक आता नाहीत. बाबांची तक्रार एकच: "खंजिरीच्या चकत्या वाजूनच नाही राहिल्या रे, नुसतं पातेलं बडवल्यावानी येते." वय पासष्टच्या पुढे, तेव्हा दोष टेपचा, बॉक्सचा की त्यांच्या कानाचा, हे विचारायची माझी छाती नाही.

तालुक्याच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने निळे दिवे लुकलुकणारं ५.१ (पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा) काढलं, खोक्यावर १०,००० वॅट. उलटं करून पाहिलं तर मागच्या पट्टीवर वीज खायची ४० वॅट! खाणार चाळीस आणि बाहेर टाकणार दहा हजार, असा बैल मिळाला तर मीही घेईन. वाजवून पाहिलं. ढोलकी छातीत बसली, पण गाणाऱ्याचे शब्द कुठे गेले कळेना.

आणखी एक गंमत सांगतो, तिचा संबंध आहे की नाही तुम्हीच सांगा. आमची बैठक टिनाची, फरशी शहाबादी. मागच्या वर्षी भाव चढेल म्हणून कापूस विकलाच नाही, बैठकीत छातीपर्यंत गंजी लागली होती. त्या तीन महिन्यांत हाच डेक, हेच फुटके बॉक्स इतके गोड वाजले की बाबा रोज संध्याकाळी कापसाला टेकून बसायचे. मार्चमध्ये गाडी भरून दिली (भाव चढला नाहीच) आणि दुसऱ्या दिवसापासून बैठक पुन्हा विहिरीसारखी बोलायला लागली.

विचारायचं हे: नऊ हजारांत डेक दुरुस्त करू की नवा अॅम्प्लिफायर घेऊ? बॉक्स ठेवू की काढू? आणि गव्हाचं पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज पार बसतं, लाईन तर जातेच जाते. त्यात टिकेल असं काही आहे का?

प्रतिसाद

भौ, बॉक्स फेकजो नोको! लाकडाचे डबे आता या पैशात भेटत नाही. फोम गेला म्हंजे वूफर मेला असं नाही रायत. कोनले (वूफरच्या कागदी पडद्याले) दोन्ही हातांनं, चारी बाजूनं सारखं दाबून पाय. आत घासल्याचा आवाज नाही आला तं आतली तारेची कॉइल चांगली हाय, नुसती फोमची कडी बदलायची. आमच्याइथं मी सोताच केलं. मिस्त्री म्हणे पूर्ण कोन बदला, कायले बदलू बाप्पा?

प्रतिसाद

वरच्या भाऊंशी सहमत. मल्टीमीटर असेल तर वूफरच्या तारा सोडवून मोजा, ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो. सुईच हलली नाही तर कॉइल तुटली.

कापसाचं तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, पण अर्धं उत्तर तिथेच आहे. टिन, शहाबादी आणि सपाट भिंती आवाज परत फेकतात, कापूस तो पितो. समोरच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी टाका. बॉक्स कोनाड्यात किंवा कोपऱ्यात असतील तर बाहेर काढा, कोपऱ्यात घुमणारा आवाज जास्तच फुगतो. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही.

आता खंजिरी. एक परीक्षा करा: मोबाइल ऑक्सला लावून त्याच धर्तीचं भजन वाजवा. चकत्या ऐकू आल्या तर ट्विटर आणि बाबांचे कान दोन्ही ठीक, दोष टेपच्या हेडमध्ये, म्हणजे कॅसेटची पट्टी जिथे घासून वाचली जाते त्या तुकड्यात.

धागाकर्ता

काल रात्री केलं. मोबाइलवरून चकत्या छन् छन्! बाबा म्हणाले, "हे असं पाहिजे." म्हणजे कान शाबूत आहेत, जीव भांड्यात पडला. कोन दाबून पाहिले, दोन्ही मोकळे हलतात.

पण एक फजिती झाली. तारा सोडून पुन्हा जोडल्यावर ठेका गायबच झाला. मधोमध बसलं की आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटे. तासभर डोकं खाजवलं.

प्रतिसाद

एका बॉक्सच्या तारा उलट लागल्या असतील. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, म्हणून दोघं मिळून एकमेकांचा ठेका खातात. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या, वूफरच्या तारांना क्षणभर टेकवा. सेलचं अधिक वूफरच्या अधिकला असेल तर कोन बाहेर उडी मारतो. दोन्ही बॉक्सना तसंच करून खूण करा.

हेडसाठी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडी. कानकाडी तपकिरी निघायची थांबेपर्यंत पुसा. तरीही बोथट वाटलं तर हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेड किंचित तिरपं-सरळ होतं. कॅसेट दुसऱ्या टेपवर भरलेली असेल तर त्या टेपच्या हेडचा कल आणि तुमच्या हेडचा कल जुळत नाही, आणि सगळ्यात आधी बारीक आवाज मरतो. भजन चालू ठेवून स्क्रू पाव आट्याच्या आत हलवा, चकत्या सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे सोडा. आधीची जागा मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर विकतच्या कॅसेटी बोथट होतील. एकदा जुळलं की लगोलग त्या सगळ्या कॅसेटी फोनमध्ये भरून घ्या. डेकमधला रबरी पट्टा कधी वितळेल याचा नेम नाही.

अॅम्प्लिफायरचं: 'हूंऽऽ' म्हणजे बहुतेक आतले मोठे कपॅसिटर सुकलेत, बदलता येतात. पण तुमच्या व्होल्टेजकडे पाहता मी टीपीए३११६ चिपचं तयार छोटं अॅम्प्लिफायर घेईन. लॅपटॉपच्या १९ व्होल्ट चार्जरवर चालतं, आणि बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्ट कुठेही काम करतो, मागे छापलेलं पाहून घ्या. डेक फक्त कॅसेट वाजवायला ठेवा.

प्रतिसाद

फवारणीचा बॅटरीवाला पंप हाय ना घरी? त्याची १२ व्होल्टची बॅटरी याच अॅम्प्लिफायरले लागते. लाईन गेली तरी भजन चालू. अधिक-उणे पाहून लावजो, उलट लागलं तं चिप जयते. अन् फवारणीच्या आदल्या रात्री वाजवू नोको, सकाळी पंप बंद पडला तं वहिनी तुले फवारीन.

धागाकर्ता

१२ व्होल्टवर आवाज पुरेल का? बैठक बारा बाय पंधरा.

प्रतिसाद

८ ओहमला आठेक वॅट मिळतील. स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर ८८ डेसिबल देत असेल, तर आठ वॅटला ९७ होतात. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून त्या दहा हजारच्या खोक्याचा मोह सोडा. मे महिन्यात कुलरच्या घरघरीपुढे मात्र कोणाचंच काही चालत नाही.

धागाकर्ता

ठरलं तर. हेड पुसलं, स्क्रू हलवला, चार कॅसेटी उजळल्या. एकीत आजोबांचा खोकला ऐकू आला, तो आजवर कोणालाच ऐकू आला नव्हता. बाबांनी ती जागा तीनदा लावायला सांगितली.

आता फोम मागवतो आहे. वूफरची बाहेरची कड आठ इंचाला सूतभर कमी भरते, आणि नुसता कागदी कोन पावणेसहा इंच. दुकानदाराला यातलं कोणतं माप सांगू?

प्रतिसाद

दोन्ही. आणि जुना चुरा पूर्ण खरडून काढल्याशिवाय नवा डिंक लावू नका.