प्रतिसाद: वरच्या मजल्याचा वन बीएचके आणि व्हॅल्युएशन

"वरचा मजला तापतो, म्हणून व्हॅल्युअर किंमत कमी धरतो," हे वर आलंय ते मला पटत नाही. बँकेने घराची किंमत ठरवायला पाठवलेला व्हॅल्युअर आमच्या पुण्यातल्या वन बीएचकेत जानेवारीत आला. कार्पेट एरिया, इमारतीचं वय, आसपासचे व्यवहार एवढंच त्याने लिहून घेतलं. रेडी रेकनरमध्येही, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरपत्रकात, घर किती तापतं याला रकाना नाही. भाव पाडतो तो एप्रिलमध्ये दुपारी घर बघायला आलेला गिऱ्हाईक!

एक मुद्दा अजून कुणी मांडलेला नाही. इको निवास संहिता 2018 मध्ये (घरांसाठीचे केंद्र सरकारचे ऊर्जाबचतीचे निकष) छताच्या यू-व्हॅल्यूची कमाल मर्यादा 1.2 आहे, म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून 1.2 वॅट उष्णता. नुसता आरसीसी स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. छोट्या घराला हे फार जाचतं, कारण झोपायला दुसरी गार खोलीच नसते. आम्ही सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरा चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) करून घेतला. आता एसी रात्री दोनेक तास पुरतो. विकायचं असेल तर उन्हाळ्यातली वीजबिलं फाईलला लावून ठेवा. गिऱ्हाईक ती खरंच वाचतं.