एकट्याने सायकल चालवणाऱ्यांच्या सवयी (गोवा) : तुमचे अनुभव येऊ द्या

गोव्यात उजाडायच्या आधी सायकलवर एकटा दिसणारा माणूस बहुतेक वेळा पोदेर, म्हणजे घरोघरी पाव पोचवणारा, असतो. मागे प्लास्टिकने झाकलेली टोपली, हँडलला भोंगा, आणि ठरलेल्या दारात ठरलेल्या वेळी पोळ्या नि उंडे (हे गोव्यातल्या पावाचे प्रकार). त्याला कुणी सायकलिस्ट म्हणत नाही. पण एकट्याने सायकल चालवायची शिस्त शिकायची तर ती त्याच्याकडून शिकावी, असं माझं मत आहे. त्याला थोडा जरी उशीर झाला तरी वाड्यावरच्या घराघरांत कळतं.

हल्ली त्याच वेळेला हेल्मेट घातलेले लोकही दिसतात. २०१९ मध्ये पणजीत आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे-सायकल-धावणे अशी शर्यत सुरू झाली, त्यातली ९० किलोमीटरची सायकल बघून काही जण या नादाला लागले, काही जण कोविडच्या काळात लागले, तर काहींची सायकल शाळेपासून सुटलेलीच नाही. ग्रुपने जाणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. हा धागा एकट्याने जाणाऱ्यांसाठी आहे, मग ती हौस असो, व्यायाम असो की नोकरीची वाट.

माझं सांगतो. मी फोंड्याचा. फर्मागुडीवरून म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, तिथून माशेल-खांडोळ्याकडे वळून परत. गुरुवारी बाणस्तारीचा बाजार असतो, त्या दिवशी ही वाट टाळतो, कारण सकाळपासून टेम्पो रस्त्यावरच लागतात. आदल्या रात्री टायर अंगठ्याने दाबून बघतो, तरी पंपाच्या काट्यावर खात्री करतोच. आणि निघताना फ्रिजवरच्या कागदावर दोन गोष्टी लिहितो: कुठून जाणार आणि किती वाजता परत. घरचे झोपलेले असतात, पण उठल्यावर पहिली नजर तिथे जाते.

वेळ आणि वाट ठरलेली असली की एकटा माणूस एकटा राहत नाही, असं मला ठामपणे वाटतं. तुम्ही कधी निघता, पिशवीत काय असतं, कुठे थांबता, तुम्ही कुठे आहात हे कुणाला ठाऊक असतं? सविस्तर लिहा.

दिवाडीहून, नोकरीसाठी रोज पणजी

मी दिवाडी बेटावर राहते. माझा दिवस फेरीबोटीच्या वेळेवर चालतो. सायकल घेऊन धक्क्यावर यायचं, जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीजवळ उतरायचं आणि नदीच्या कडेने रायबंदरवरून पणजी. सायकलला फेरीत पैसे पडत नाहीत, त्यामुळे सुटे पैसे शोधायची कटकट नाही.

फेरीवर चढण्या-उतरण्याची माझी पद्धत ठरलेली आहे. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो. तो एरवी पाण्याखाली असतो, त्यामुळे शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो. तिथे सायकलवर बसून कधीच जायचं नाही. उतरायचं, दोन्ही ब्रेक अर्धे दाबून ठेवायचे आणि पाय आडवे टाकत चालायचं. उतरताना मोटरसायकलींना आधी जाऊ द्यायचं. त्या सगळ्या एकदम सुसाट निघतात, त्यांच्या मध्ये सापडण्यापेक्षा मिनिटभर मागे राहिलेलं बरं.

ओढणी मी घरातूनच पिशवीत टाकते, ऑफिसात पोचल्यावर घेते. नव्याने सायकल सुरू करणाऱ्या सगळ्या बायांना हे कळकळीने सांगते: ओढणी कंबरेला बांधली तरी सुटते, आणि मागच्या चाकात गेली की सावरायला वेळच मिळत नाही.

रायबंदर ते पणजीचा बांधाचा रस्ता, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, माझा सगळ्यात आवडता. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला पाणथळ, मिठागरं, हिवाळ्यात बगळ्यांसोबत बाहेरून आलेले पक्षी. रस्ता अरुंद आहे आणि कठड्याजवळ वाळू साचते, म्हणून मी अगदी कडेने जात नाही. थोडी आत, सरळ रेषेत चालवते. कडेला चिकटून गेलं की मागची गाडी तेवढ्याच फटीतून घुसायला बघते. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, म्हणजे संध्याकाळी घरी येताना तो पाठीला असतो. दिवसभर दमल्यावर ही मोठीच मदत वाटते.

तुमचं वेळेबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मध्यंतरी तापाने घरी होते. नंतर गेले तर फेरीवरच्या माणसाने दोर सोडता सोडता विचारलं, “काल, परवां दिसूंक ना?” त्याचं नाव मला माहीत नाही. माझंही त्याला माहीत नसेल.

म्हापशाहून

मला मात्र हे पटत नाही, आणि ते स्पष्ट लिहायला हवं. बाईमाणसाने रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने एकटीने जाणं म्हणजे सगळ्यांना वेळापत्रक देणं. फेरीवरच्या चांगल्या माणसाला जसं कळतं तसं नको त्यालाही कळतं.

एक मोटरसायकलवाला हळदोण्याच्या रस्त्यावर सारखा मागून यायचा, पुढे जाऊन थांबायचा. तेव्हापासून माझे तीन रस्ते आहेत: हळदोणे आणि कोर्जुवेंचा पूल, अस्नोडा, नाहीतर शिवोलीकडचा. कुठला ते निघताना ठरवते. दिशा ठरवून बहिणीला मेसेज करते आणि फोनवरून लाइव्ह लोकेशन चालू ठेवते. म्हणजे घरच्यांना सगळं माहीत, रस्त्याला काही माहीत नाही.

स्ट्रावा (राइड नोंदवायचं ॲप) वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन राइडची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय चालू करावी. नाहीतर नकाशावर रोजच्या रेषा एकाच दारात येऊन थांबतात. राइड घरी पोचल्यावरच टाकावी. आणि कानात काही घालू नये, एकाही कानात नाही. मागून येणारी गाडी वेग कमी करते आहे की नाही, ते आवाजावरूनच कळतं.

धागाकर्ता

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. पुरुष म्हणून मी ज्या सवयीला सोबत म्हणतो ती तुम्हाला धोक्याची ठरू शकते, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावं. घरी दोन गोष्टी सांगून निघणं तरी दोघांनाही लागू आहे.

साखळीहून, चोर्ला घाटवाला

आपण रविवारवाले. साखळी, पर्ये, केरी आणि पुढे घाट. वर गेल्यावर कधी तिथूनच मागे, कधी कणकुंबीपर्यंत. एकटाच जातो, कारण चढावर प्रत्येकाचा वेग वेगळा. दुसऱ्याच्या वेगाने चढलं की एक तर धाप लागते नाहीतर पाय गार पडतात.

लाइव्ह लोकेशनबद्दल एक भर. घाटात मध्ये मध्ये रेंज नसते. ठिपका एका जागी अडकतो आणि घरचे घाबरतात. म्हणून आमच्याकडे ठिपका नाही, वेळ चालते. मी फोन कधी करणार ते आधी सांगतो. त्या वेळेनंतर अर्धा तास वाट बघायची, मग केरीतल्या मित्राला फोन. मित्राकडे गाडी आहे आणि त्याला घाट माहीत आहे. असा एक माणूस प्रत्येकाने ठरवून ठेवावा.

पावसाळ्यात लोक विचारतात, धुक्यात कशाला जातोस? अंजुणे धरणाच्या वरच्या वळणांवरून ढग खाली उतरताना बघितले की उत्तर द्यावं लागत नाही. पण पावसातल्या घाटाला तयारी लागते. सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. माझी रिम ब्रेकची सायकल, म्हणजे ब्रेकचं रबर चाकाच्या कड्याला (रिमला) घासतं. आपल्याकडची लाल माती पाण्याबरोबर रिमवर चढते आणि ब्रेकच्या रबरात बारीक खडे रुतून बसतात. ब्रेक दाबला की खर्रर्र असा आवाज येतो. तो आला की मी थांबतोच. बाटलीतलं पाणी रिमवर ओततो, रबर निरखून बघतो. खड्यांच्या जोडीला चमचमणारे बारीक तुकडे दिसतात, ते रिमचंच ॲल्युमिनियम, खड्याने खरवडून काढलेलं. सेफ्टी पिनने एकेक उकरून काढायचं. घरी आल्यावर रबरावरून पॉलिश पेपर फिरवायचा. हे केलं नाही तर पावसाळ्याअखेर रिम बदलायची पाळी येते.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा. ओल्या रिमवर ब्रेक लागायला जरा वेळ लागतो, तो धरूनच आधी दाबायचं. घामाने भिजलेल्या अंगाला उतारावर गार वारा लागतो, म्हणून वर टपरीवर चहा घेताना कालचा पेपर मागून घेतो. जर्सीच्या आत छातीवर दोन पानं सपाट घातली की खाली येईपर्यंत ऊब टिकते.

खाणं: केळी दोन, चिक्की, मीठ-साखरेचं पाणी. मार्चनंतर दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि साध्या पाण्याने भागत नाही, मीठ पोटात जायलाच हवं. परतताना साखळीत पातळभाजी-पाव आणि एक मिरची. ते ठरलेलं आहे.

वास्कोहून

रात्रपाळी संपवून सायकल काढतो. वेळसांवच्या बाजूला जाऊन येतो, सपाट आणि शांत. झोप चांगली लागते. खारा वारा लोखंड खातो, म्हणून घरी आल्यावर चेन सुक्या फडक्याने पुसून तेलाचा एकेक थेंब. पाळीत फार दमलो असेन तर चालवत नाही. पेंगत सायकल चालवणं दारू पिऊन चालवण्याइतकंच वाईट.

पर्वरीहून, एक प्रश्न

नवीन सायकल घेतली. तिचा हवा भरायचा वॉल्व्ह बारीक आहे, पेट्रोल पंपावरचं तोंड बसत नाही. वाटेत हवा गेली तर काय करायचं?

साखळीहून, चोर्ला घाटवाला

तो प्रेस्टा वॉल्व्ह. सायकलच्या दुकानात पितळेची छोटी टोपी मिळते, ती त्यावर फिरवून बसवली की पंपावरची हवा भरता येते. एक टोपी वॉल्व्हवरच लावून ठेवा. मात्र वरची बारीक चकती आधी सैल करायला विसरू नका, नाहीतर हवा आत जाणार नाही. शिवाय एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप सीटखाली. आणि घरी, उजेडात, मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव करा. वाटेत अंधारात पहिल्यांदा करू नये. जुनी ट्यूब काढली की टायरच्या आतून बोट फिरवा, काटा तिथेच असतो. तो न काढता नवी ट्यूब घातली तर तीही जाते.

बाणावलीहून, वय ६८

माझी जुनी काळी सायकल, गियर नाही. बाणावली ते केळशी, समुद्राच्या बाजूचा सपाट रस्ता. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यामुळे डॉक्टरांनी उपाशीपोटी जायला मनाई केली आहे. पोदेराकडची गरम पोळी अर्धी खाऊन निघतो, खिशात ग्लुकोजची पुडी. शर्टाच्या खिशात कार्ड: नाव, रक्तगट, मुलाचा नंबर, चालू औषधं. फोनला कुलूप असतं, कार्डाला नसतं. परतताना एक आडसर (शहाळं), मग घर.

माझ्या वयाच्या मंडळींनी चढताना आणि उतरताना घाई करू नये. पडणं होतं ते बहुधा तेव्हाच.

काणकोणहून, मूळचा सावंतवाडीचा

माझी सायकल हौसेची नाही. आगोंदला हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे, खोली चावडी गावात. सीझनमध्ये भांडी-चूल आवरून निघेपर्यंत रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात. तेव्हा बस नसते. त्या रस्त्याला चढ-उतार आहेत आणि बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत.

पुढचा टॉर्च जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला करकचून बांधलेला. मागे लाल लुकलुकणारा दिवा, आणि डब्याच्या पिशवीला चमकणारी पट्टी शिवून घेतली आहे. गुरं रस्त्यावर बसतात. काळी म्हैस टॉर्चच्या उजेडातही लवकर दिसत नाही, आधी डोळे चमकतात. म्हणून वळणावर कुणी नसलं तरी घंटी वाजवतो. पहिल्या पावसानंतर साप रस्त्यावर येतात, तेव्हा मधोमध चालवतो, कडेच्या गवताजवळून नाही. खड्ड्याजवळ उतरायचं झालं तर आधी उजेड पाडतो, मग पाय टेकतो.

कुत्र्यांचं मी असं करतो: पळत नाही. उतरतो, सायकल माझ्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरतो आणि चालतो. त्यांच्याशी हळू बोलतो. चाक फिरायचं थांबलं की त्यांचा जोर ओसरतो.

वाटेत एका बांधकामावर वॉचमन आहे, वेंगुर्ल्याकडचा. मी गेलो की बॅटरी दाखवतो आणि ओरडतो, “इलंस काय रे?” मी घंटी मारतो. सुट्टी असली की आदल्या रात्रीच त्याला सांगून ठेवतो, उद्या नाही म्हणून. नाहीतर तो जागा राहील.

धागाकर्ता

भाऊ, दिव्याबद्दल एक सुचवतो. मागचा लाल दिवा पिशवीमुळे झाकला जात असेल तर तो कॅरियरच्या मागच्या टोकाला लावा, आणि दुसरा एक हेल्मेटला. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

धारबांदोडा, मोले, अनमोड या बाजूने एकटं जाणारं कुणी अजून लिहिलेलं नाही. त्या रस्त्यावर अवजड ट्रक किती वाजेपर्यंत कमी असतात आणि मोलेच्या पुढे घाटात पाणी कुठे भरून घेता येतं, माहीत असेल त्यांनी कृपया लिहा.