मदत हवी आहे: बाबांचं मृत्युपत्र पुरेल की प्रायव्हेट ट्रस्ट करावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही नेरुळचे. घर बाबांच्या एकट्याच्या नावावर, जमीन अर्थातच सिडकोची (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), 60 वर्षांच्या लीजवर. धाकटा भाऊ चाळिशीचा, बौद्धिक दिव्यांग. खालच्या दुकानातून दूध आणतो, पण सुटे मोजून घेत नाही. सही मात्र दाखवाल तिथे झोकात ठोकतो. भीती तीच आहे.

ताई कॅलिफोर्नियात. तिकडे प्रोबेटची (मृत्युपत्र कोर्टातून प्रमाणित करून घेण्याची) कोर्टबाजी टाळायला सर्रास लिव्हिंग ट्रस्ट करतात, म्हणजे हयातीतच मालमत्ता ट्रस्टींच्या ताब्यात देतात आणि ते ती लाभार्थीसाठी सांभाळतात, म्हणून ती आमच्याही मागे लागली आहे. आता, आपल्याकडे महाराष्ट्रात प्रोबेटची सक्ती मुंबईपुरतीच असायची, नवी मुंबई त्यात कधीच नव्हती. त्यामुळे तिचं कारण मला पटत नाही. पण ट्रस्ट पटतो.

मृत्युपत्र बाबांच्या पश्चातच लागू होणार. उद्या त्यांनाच विस्मरण झालं तर? मुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याचं भान गेलं की कायद्याने संपतं. ट्रस्ट हयातीतच सुरू होतो. बाबा आणि मी ट्रस्टी, भाऊ लाभार्थी. बाबांना जमेनासं झालं तरी त्याच्या औषधपाण्याचे पैसे अडणार नाहीत, आणि त्याच्या सहीने काही विकलंही जाणार नाही.

घोडं पेंड खातं ते घरापाशी. 1882 च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे हयातीत घर ट्रस्टमध्ये टाकायचं तर दस्त नोंदवावाच लागतो. वर मुद्रांक, सिडकोची परवानगी, हस्तांतर शुल्क. मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये. ट्रस्टला ती सवलत नाही, असं आमचे वकील म्हणतात. मृत्युपत्राला मुद्रांकच नाही, दोन साक्षीदार पुरतात.

म्हणून विचार असा: ट्रस्ट आत्ताच, पण त्यात फक्त एफडी. घर मृत्युपत्राने ट्रस्टकडे. सिडकोच्या घराबाबत असं कोणी केलंय का? आणि माझ्यानंतर ट्रस्टी कोण ठेवावा? मला मूलबाळ नाही.

प्रतिसाद: भावाचं कायदेशीर पालकत्व घेतलंय का? अठरानंतर आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करतात. तुमचा जिल्हा ठाणे. ट्रस्ट पैसा सांभाळेल, ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. आम्ही आधी ते केलं, ट्रस्ट नंतर. आणि राग मानू नका, पण बाबांनंतर एकटे ट्रस्टी राहू नका. तिसरं माणूस घरच्या बाहेरचं, तुमच्याहून लहान वयाचं घ्या, आणि पुढचा ट्रस्टी कोण नेमणार हे दस्तातच लिहून ठेवा.