सासऱ्यांची साखर, हुमण-भात आणि चालणं : अनुभव सांगा

फोंड्याची_सून
सासरे, वय 73. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं माणूस खुर्चीतून उठत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.1 टक्के आलीय, वजन 86 किलो, एक जिना चढले की धाप. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा, चाला. पण दुपारी हुमण-भात, म्हणजे माशांचं कालवण नि भात, नसेल तर बाबा पानावरून उठतात आणि चालायचं म्हटलं की बाहेर ऊन नाहीतर कुत्रे. घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणी यातून बाहेर काढलंय का? डाएट चार्ट नको, एक आहे. त्यात ओट्स आणि ब्रोकोली आहे. बाबांनी तो फ्रीजवर चिकटवू दिला, एवढंच.

म्हापशेकर
आईचं असंच होतं. भात बंद करू नका, त्या भांडणात तुम्हीच हराल. आम्ही फक्त डाव बदलला. भाताचा मोठा डाव माळ्यावर, आमटीचा छोटा भाताच्या टोपात. दोन डाव म्हणजे दोन, तेही उकड्या तांदळाचे. वाढायचा क्रम उलटा केला : आधी तांबडी भाजी, अळसांद्यांचं तोणाक (चवळीची उसळ), मासळी; भात शेवटी. तोवर पोट निम्मं भरलेलं असतं, तिसरा डाव आई मागतच नाही. हुमण खुशाल ठेवा, बांगडे-तारले चांगलेच. रव्यात घोळून तळणं मात्र रविवारपुरतं.
आणि चहा मोजा हो! आमच्याकडे खरा चोर तोच निघाला. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, वर बुडवायला बटर.

आल्तिनोवाला
पहाटे उठून पाच किलोमीटर वगैरे डोक्यातून काढा. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं, बाल्कांवापासून (घराच्या ओट्यापासून) गेटपर्यंत फेऱ्या. पाय चालत असले की जेवणातली साखर स्नायू वापरतात, रक्तात एकदम चढत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की देवळाचा सभामंडप आहेच. माझे वडील पणजीत कला अकादमीपासून मिरामारपर्यंत जातात, पण व्यायामासाठी नव्हे. तिथे त्यांचा जुना मित्र बाकावर वाट बघतो म्हणून.

निवृत्त_नर्स
थांबा जरा. जिना चढताना धाप लागते म्हणताय ना? मग चालणं वाढवायच्या आधी डॉक्टरांना तेवढं स्पष्ट सांगा आणि ईसीजी काढून घ्या. दुसरं, गोळ्या कुठल्या? ग्लिमेपिराइडसारखी असेल आणि खाणं कमी झालं तर साखर फार खाली येते : घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी. डोस डॉक्टरच बदलतील, तुम्ही गोळी बंद करू नका. चालताना खिशात ग्लुकोज हवं. आणि रात्री तळपाय बघा. साखरेच्या माणसाला चप्पल लागलेली कळेलच असं नाही.

फोंड्याची_सून (चार महिन्यांनी)
आधी ईसीजी काढला, डॉक्टरांनी बघून चालायला परवानगी दिली. गेल्या महिन्यात त्यांनीच एक गोळी अर्धी केली. साखर 7.4, वजन 81.
डावाची युक्ती बाबांनी दुसऱ्याच दिवशी ओळखली. "सून कंजूष झाली," असं शेजारी सांगून आले; पण जेवतात तेवढंच. चालण्याला मात्र पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, कामी आला. त्याला सांगितलं, संध्याकाळी आमच्या गेटवर येऊ नकोस, वडाकडे थांब. त्याच्या भोंग्याचं पोंपों ऐकू आलं की बाबा पिशवी घेऊन निघतात. पोय (कोंड्याचा पाव) आणायला जाऊन-येऊन पंधरा मिनिटांचा रस्ता, बाबांना तास लागतो, कारण वडाखाली आणखी तिघे भेटतात. पोय घरी येईस्तोवर गार. चालेल. त्यातली अर्धीच त्यांच्या वाट्याला, बाकी नातू पळवतो.
ओट्सचा चार्ट अजून फ्रीजवर आहे. बाबांनी उलटा करून त्यावर पोदेराचा हिशेब मांडलाय.
आता चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) काय करू, तेवढं सांगा.