मदत हवी आहे : बचत गटांना शिकवणाऱ्यांना कोण शिकवतं?

नमस्कार मंडळी,
सोलापूर जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे. आम्ही सहा कार्यकर्त्या मिळून कडक भाकरी, शेंगा चटणी, पापड करणाऱ्या बायकांना धंदा वाढवायला मदत करतो. अडचण त्यांची नाही, आमची आहे.

मागच्या आठवड्यात एका ताईंच्या ओट्यावर बसून शेंगा चटणीचा हिशोब मांडला. शेंगदाणे, लसूण, तिखट धरलं होतं. गॅस, पिशवी, वजनातली घट आणि स्वतःची मजुरी मात्र कुठेच नाही. किलोमागे नफा दिसत होता, तो खरा नव्हताच. "मग भाव किती लावू?" असं त्यांनी विचारलं आणि आमच्या कार्यकर्तीला नीट उत्तर देता आलं नाही. ते मला फार लागलं.

योजनांची माहिती आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण प्रकल्प अहवाल आम्ही दुसऱ्याकडून लिहून घेतो आणि बँकेत प्रश्न आला की अडतो.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये उद्योजिका शिकतात. आम्हाला कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण हवंय : किंमत ठरवणं, रोकड वही, बँकेशी बोलणं. अहमदाबादच्या उद्योजकता विकास संस्थेत किंवा आपल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रात (एमसीईडी) कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का? मराठीतून झालं का, खर्च किती आला? आणि नंतर वर्षभर सोबत राहणारं कुणी भेटलं का? मला तेच जास्त गरजेचं वाटतं.