जुन्या गाडीत बोअरचं पाणी घातलेलं आहे. कूलंट कसं बदलायचं, किती आणि कोणतं?

माळरान_४५
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ८२,००० किमी. जुनी घेतली आहे, आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचा हिशेब नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) मूळचं हिरवं असावं, आता बॉनेटखालच्या जादा कूलंटच्या बाटलीत चहासारखं तपकिरी दिसतं. पातळी कमी झाली की बोअरचं पाणी टाकत होते, एवढं त्यांनी सांगितलं. तापमानाचा काटा मध्यावर असतो, खाली कुठे गळती दिसत नाही. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता ५ लिटर दिली आहे, हीटर धरून.

एक गॅरेजवाला म्हणतो, रेडिएटर रिकामा करून तयार मिश्रण भरून देतो, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणतो, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढूनच टाका, गाडी थंड राहील. घरी करायची तयारी आहे. नेमकं काय करावं?

पाना_दहा_बारा
गाडीत कोणतं कूलंट आहे आणि त्यात काय मिसळलं गेलंय, यावर ते कधी बदलायचं हे ठरतं. नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. कूलंटमधलं मुख्य द्रव्य, ग्लायकॉल, सहसा टिकतं, आधी संपतात ती त्यातली गंजरोधक द्रव्यं. जुन्या पद्धतीच्या, सिलिकेट-फॉस्फेटवाल्या कूलंटचं आयुष्य साधारण २ वर्षं किंवा ४०,००० किमी. सेंद्रिय आम्लावर आधारलेलं लाँग लाइफ कूलंट ५ वर्षं जातं. टोयोटाचं गुलाबी पहिल्यांदा १,६०,००० किमीला आणि नंतर दर ८०,००० ला बदलतात. होंडाचं निळं पहिल्यांदा २,००,००० किमी किंवा १० वर्षांनी, नंतर १,००,००० किमी किंवा ५ वर्षांनी. मात्र हे मोठे आकडे कारखान्यातून भरलेल्या पहिल्या कूलंटचे आहेत, आणि तेही कुणी मधे साधं पाणी ओतलं नसेल तरच खरे. तुमच्या गाडीत बोअरचं पाणी गेलंय, त्यामुळे तिला यातला कुठलाच आकडा लागू नाही. आत्ताच बदला.

रंगावरून प्रकार ओळखू नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याला सर्वमान्य नियम नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार घ्या.

काम सुरू करण्याआधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासा. गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतात, ते ठीक. पण सतत येत राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली आणि डिपस्टिकवर दुधाळ थर दिसला, तर कूलंट बदलून काही साधणार नाही, आधी गॅस्केटचं बघा. वॉटर बॉडीच्या, म्हणजे वॉटर पंपाच्या, खालच्या बारीक भोकाशी वाळलेले डाग दिसतात का, तेही पाहून घ्या. तिथून ओघळ आलेला असेल तर आतलं सील गेलंय. मग वॉटर बॉडी बदलतानाच कूलंट बदला, म्हणजे दोनदा खर्च होणार नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यामुळे अर्ध्या तासाचं काम फसतं. रेडिएटर खालून उघडला तरी सगळं कूलंट बाहेर येत नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) बरंच अडकून राहतं. तुमच्या ५ लिटरपैकी साधारण ३ बाहेर येईल, २ आत राहील. म्हणजे एकदा रिकामं करून भरलं की ४० टक्के जुनं, दुसऱ्यांदा १६ टक्के, तिसऱ्यांदा साडेसहाच्या आसपास. त्यामुळे तुम्हाला धुणं किमान ३ वेळा करावं लागेल.

कृती अशी. इंजिन पूर्ण थंड. हीटरचा नॉब गरमच्या टोकाला. खाली पसरट घमेलं. रेडिएटरच्या तळाशी प्लास्टिकचा ड्रेन प्लग असतो, तो हातानेच हळू सोडा. पक्कड लावली की तो तुटतो. प्लग नसेल तर खालच्या होजचा क्लॅम्प मागे सरकवून होज फिरवत काढा. होज चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, रेडिएटरची प्लास्टिकची नळी चिरते. वरचं झाकण नंतर उघडा, धार जोरात येईल. बाहेर आलेलं मापी डब्याने मोजा, पुढच्या हिशेबाला तो आकडा लागतो. बाटली वेगळी काढून ब्रशने धुवा, तळाला गाळ असतोच.

मग पाणी भरा, इंजिन चालू करा, वरचा होज गरम होईपर्यंत चालवा. तो गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि ब्लॉकमधलं पाणीही फिरायला लागलं. बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा रिकामं करा. घाई करून गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. थंड होण्याची वाट धरून दिवस जातो, हे गृहीत धरा.

अॅसिडने धुवायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. आताचे रेडिएटर पातळ अॅल्युमिनियमचे आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. जुने तांब्याचे रेडिएटर उघडून सळईने साफ करता यायचे, यांचं तसं होत नाही. ३ वेळा धुऊनही पाणी तपकिरीच आलं तर रेडिएटर क्लीनर मिळतो, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा आणि नंतर पुन्हा २ वेळा धुवा.

निळी_टोपी
वरच्या प्रतिसादात एक हिशेब जोडतो, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. शेवटचं धुणं झाल्यावर आत २ लिटर साधं पाणी शिल्लक असतं. त्यावर तुम्ही ३ लिटर तयार ५०:५० मिश्रण (अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी) ओतलं तर ग्लायकॉल गेलं दीड लिटर, एकूण ५ लिटर, म्हणजे फक्त ३० टक्के. बाटलीवर ५०:५० लिहिलेलं आहे म्हणून गाडीतही तेवढंच असेल असं होत नाही.

म्हणून धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्यायचं. २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, मग अर्धा लिटर डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी. आतल्या २ लिटरशी मिळून बरोबर ५०:५० होतं. १ लिटरच्या ३ बाटल्या आणा. उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये तेवढंच पाणी घालून ते गाडीच्या बाटलीत भरायला ठेवा.

तयार मिश्रण चांगलंच असतं, पण आतलं कूलंट त्याच जातीचं आणि स्वच्छ असेल, आणि न धुता नुसतं रिकामं करून भरायचं असेल तेव्हा.

घाटमाथा
प्रमाणाबद्दल थोडं वेगळं मत. महाराष्ट्रात गोठण्याची भीती नाही. नुसतं उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, त्यामुळे ४० टक्केही इथे पुरतं. लडाख किंवा मनालीला हिवाळ्यात जाणार असाल तर मात्र ५०च ठेवा, ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांशाच्या खाली मात्र कुठेही जाऊ नका, कारण गंजरोधक द्रव्यं त्याच प्रमाणात पातळ होतात. आणि 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हेही चूक. शुद्ध ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठतं आणि इंजिनाची उष्णताही कमी उचलतं.

पण घाटात गाडी उकळू न देण्याचं काम प्रमाणापेक्षा झाकण जास्त करतं. ५०:५० मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १.१ बारचं झाकण दाब धरत असेल तर १२८च्या पुढे. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की हा सगळा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं, आणि बऱ्याच गाड्यांचा फॅन साधारण त्याच तापमानाला सुरू होतो. त्यामुळे शहरात ठीक चालणारी गाडी चढावर बाटलीतून पाणी फेकते. कूलंटबरोबर झाकण बदला, जुन्यावर छापलेला दाबाचा आकडाच नव्यावर हवा. झाकणापासून बाटलीकडे जाणारी बारीक नळीही बघा. ती चिरली असेल तर इंजिन थंड होताना कूलंटऐवजी हवा ओढली जाते.

थर्मोस्टॅट अजिबात काढू नका. तो नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तिथे तो काढला तर पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर नवा, त्याच तापमानाचा, नव्या रिंगसह बसवा. त्यावर हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी, हवा तिथूनच निसटते.

माळरान_४५
खूप धन्यवाद. दोन शंका. धुवायला घरच्या आरओचं पाणी चालेल का? आणि भरल्यावर एअर लॉक (आत अडकलेली हवा) राहिलाय की नाही, हे कसं ओळखायचं?

पाना_दहा_बारा
पहिल्या धुण्याला आरओचं चालेल. शेवटच्या दोन्हींना डिमिनरलाइज्डच वापरा, बॅटरीच्या दुकानात ५ लिटरचा कॅन मिळतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम गरम भागांवर थर धरतो, म्हणजे नेमका हेडच्या आसपास, जिथून उष्णता निघायला हवी. क्लोराइड अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं, आणि रेडिएटर पुढे तिथूनच पाझरतो.

हवा काढायला गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा. झाकण उघडं, नरसाळ्याने अगदी सावकाश भरा, मधे मधे वरचा होज हाताने दाबत राहा. होजवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा सोडायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग इंजिन आयडलवर, एसी बंद, हीटर गरमवर. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. कूलंट वर चढायला लागलं की झाकण लावा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

आता हीटरचा ब्लोअर लावा. काटा मध्यावर आणि हवा मात्र गार, किंवा डॅशबोर्डमागून खळखळ आवाज, म्हणजे हवा अडकली आहे. पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडून भर घाला. पुढचे २-३ दिवस सकाळी गाडी थंड असताना बाटलीची पातळी बघा, थोडी उतरेल. त्यानंतरही उतरत राहिली तर गळती शोधा. जुना गंज धुऊन निघाला की त्याने बुजलेलं भोक उघडं पडतं, त्यामुळे होजची टोकं आणि रेडिएटरच्या कडा नीट पाहा.

निळी_टोपी
काढलेलं कूलंट मोरीत किंवा झाडाला ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्या मात्रेतही मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. घमेलं उघडं सोडून जेवायलाही जाऊ नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर 'विषारी' लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं कूलंट घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा.

आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार आणि प्रमाण लिहून ठेवा. पुढे भर घालायची वेळ आली तर त्याच जातीचं, त्याच प्रमाणाचं मिश्रण घालता येईल. दोन वेगळ्या जाती मिसळल्या की गंजरोधकं एकमेकांना निकामी करतात, कधी कधी जेलसारखा गाळही तयार होतो.